गर्दी, रोगराई आणि आपली सार्वजनिक वाहतूक



आपल्या अभ्यासवर्गांतून शेतीमालाचे भाव, कामगार कायदे, अर्थसंकल्प हे विषय नेहमी चर्चिले जातात. त्यांच्या मानाने आजचा विषय आपणास किरकोळ वाटण्याचा संभव आहे. बसने किंवा लोकलने प्रवास केल्यामुळे फ्लू, कोविड, क्षय यांसारखे श्वसनमार्गाचे रोग जडतात काय, आणि जडत असतील तर त्याविषयी समाजवादी चळवळीने कोणती भूमिका घ्यावी, असा हा विषय आहे. २०२० सालच्या साथीने हा प्रश्न घरोघरी नेला. साथ ओसरली, पण प्रश्न ओसरला नाही. तापाची लाट आली की ‘गर्दीची वाहने टाळा’ हा सल्ला पुन्हा ऐकू येतो. सल्ला देणाऱ्याच्या दाराशी बहुधा मोटार उभी असते. ज्याला तो दिला जातो त्याच्या खिशात महिन्याचा पास असतो आणि त्यावाचून कामावर पोचण्याचा दुसरा मार्ग त्याच्यापाशी नसतो.

या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. सार्वजनिक वाहन मुळातच रोगट, ज्याला जमेल त्याने आपली सोय पाहावी, हे पहिले. आमच्या माणसांना गर्दीची सवय आहे, त्यांना काही होत नाही, हे दुसरे. पहिल्या उत्तरात भीती आहे, दुसऱ्यात कष्टकऱ्याच्या देहाविषयीची बेपर्वाई आहे, आणि दोन्ही उत्तरे गर्दीला पावसासारखी निसर्गदत्त मानतात. माझे म्हणणे असे की धोका खरा आहे. मात्र तो वाहन सार्वजनिक असल्यामुळे निर्माण होत नाही. तो वाहन अपुरे, कोंदट आणि लांबच्या पल्ल्याचे असल्यामुळे निर्माण होतो, आणि या तिन्ही गोष्टी कोणीतरी घेतलेल्या निर्णयांतून आलेल्या आहेत.

आधी शास्त्र काय सांगते ते पाहू. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला. पण तो हवेतून कसा पसरतो याचा निर्णायक पुरावा पुढे आला तो १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात. विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी अमेरिकेतील बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा नळ्यांवाटे गिनिपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्णाचा आणि त्या प्राण्यांचा दुसरा कोणताही संबंध नव्हता. तरीही त्यांना क्षय झाला. खोकताना, बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडतानाही अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि बंद जागेत बराच वेळ तरंगत राहतात. इतके असूनही २०२० च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असे जाहीर केले, आणि ती भूमिका पुरती बदलायला पुढे बराच काळ लागला. परिणामी आपल्याकडे बसचे दांडे धुतले गेले, रस्त्यांवर औषधे फवारली गेली. खिडक्या उघड्या आहेत की नाहीत याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

याचा हिशेब साध्या अंकगणितानेही करता येतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. आपण सोडलेल्या उच्छ्वासात ते सुमारे ४०,००० भाग असते. एखाद्या बंद डब्यात हे प्रमाण २,००० वर गेले, तर त्याचा अर्थ असा की तिथे घेतलेल्या दर पंचवीस श्वासांपैकी एकाइतकी हवा दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेली आहे. ते ‘दुसरे कोणी’ निरोगी असेल तर काही बिघडत नाही. क्षयाचा किंवा फ्लूचा रोगी असेल, तर आपण किती वेळ तिथे उभे आहोत यावर सारे अवलंबून राहते. म्हणजे धोका ठरवणाऱ्या गोष्टी तीन: माणसांची दाटी, ताज्या हवेचा पुरवठा आणि प्रवासाचा काळ.

प्रत्यक्ष घटनाही हेच सांगतात. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतात एका धार्मिक कार्यक्रमासाठी दोन बसगाड्या निघाल्या. एका बसमध्ये कोविडचा एक रोगी होता. जाऊन-येऊन प्रवास सुमारे १०० मिनिटांचा. खिडक्या बंद होत्या आणि वातानुकूलन यंत्र आतलीच हवा पुनःपुन्हा फिरवीत होते. त्या बसमधील ६८ जणांपैकी, मूळ रोग्यासह, २४ जणांना रोग झाल्याचे आढळले. दुसऱ्या बसमधील ६० जणांपैकी एकालाही झाला नाही. याउलट, चीनच्याच वेगवान रेल्वेगाड्यांच्या मोठ्या पाहणीत, रोग्याच्या आसपासच्या आसनांवर बसलेल्यांपैकी सरासरीने हजारी तीनच्या आसपास प्रवाशांना लागण झाली. अगदी शेजारच्या आसनावर मात्र हे प्रमाण शेकडा साडेतीनपर्यंत गेले आणि सहप्रवासाच्या प्रत्येक तासागणिक धोका वाढत गेला. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात क्षयाच्या प्रसाराचा अभ्यास झाला, त्यात रोजच्या प्रवाशाला सर्वांत जास्त धोका खासगी लहान टॅक्सीगाड्यांत, आणि सर्वांत कमी रेल्वेत, असा क्रम निघाला. हा क्रम नीट ध्यानात ठेवावा. सार्वजनिक वाहतूक मोडली की माणसे कोंबलेल्या लहान गाड्यांत जातात, आणि तिथे धोका वाढतो.

आपल्याकडे याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एस. टी. कामगारांचा संप चालला. शासनात विलीनीकरणाच्या त्या मागणीमागे कामगारांच्या थकलेल्या आणि तुटपुंज्या पगाराचे दुःख होते. सरकारने प्रश्न लांबवला, आणि त्या महिन्यांत खेड्यापाड्यांतील माणूस कसा हिंडला? वडापने. नऊ-दहा माणसांच्या जीपमध्ये पंधरा-सोळा माणसे, मांडीवर मुले आणि थंडीमुळे लावून घेतलेल्या काचा. साथीचा मोठा तडाखा नुकताच बसलेला असताना हे चालले होते. पण रोग पसरवण्याचा दोष कोणी वडापला दिला नाही. संशयाची नजर असते ती नेहमी एस. टी.वर आणि लोकलवर.

ही नजर जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दुसऱ्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून तपासण्याचा सपाटा सुरू झाला. त्या जुलमाचा बोजा सर्वांत जास्त पडला तो गरिबांवर. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात माणसे जनावरांसारखी कोंबली जातात आणि तिथे घाण साचते याचा रोगराईशी संबंध आहे, हे गांधीजींनी १९१७ साली एका छोट्या पुस्तिकेत लिहिले. त्यांनी प्रवाशांच्या अस्वच्छतेलाही दोष दिला, पण रेल्वे कंपन्यांनी पहिल्या वर्गावर होणारी उधळण थांबवावी हेही सांगितले. कोणी ऐकले नाही. पुढल्याच वर्षी इन्फ्लुएन्झा जहाजांतून मुंबईच्या बंदरात उतरला आणि आगगाडीच्या रुळांवरून देशभर पोचला. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास माणसे मेली असे कमीत कमी अंदाज सांगतात. काही अंदाज त्याहून बरेच वर जातात. मुंबई शहरात त्या साथीचा मृत्युदर युरोपियनांत हजारी ८.३ होता, आणि कनिष्ठ मानल्या गेलेल्या हिंदू जातींत हजारी ६१.६. रोगाचा जंतू एकच होता. राहण्याची जागा, खाण्याचे अन्न आणि औषधपाणी वेगवेगळे होते.

शंभर वर्षांनी, २०२० मध्ये, तेच चित्र पुन्हा दिसले. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून मुंबईची लोकल बंद झाली. रोजचे सुमारे ७५ लाख प्रवासी घरी बसले. देशभर सारेच बंद असताना हे समजण्यासारखे होते. पण जूनमध्ये गाड्या फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाल्या, आणि कारखाने, दुकाने, कचेऱ्या मात्र क्रमाक्रमाने उघडत गेल्या. मालकाने कामावर बोलावले आणि सरकारने गाडीत चढू दिले नाही, अशा कात्रीत माणूस सापडला. जुलै २०२० मध्ये नालासोपाऱ्याला एस. टी.च्या फेऱ्या बंद झाल्या तेव्हा संतापलेले प्रवासी रुळांवर उतरले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी वेळेची बंधने घालून गाडी सर्वांना खुली झाली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, आणि १५ ऑगस्टपासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना परवानगी मिळाली. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष कष्टकरी माणूस आपल्याच शहराच्या वाहनाबाहेर उभा होता.

आणि रोग थांबला का? जुलै २०२० मध्ये, लोकल सामान्य माणसाला बंद असतानाच, मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. झोपडपट्टीत शेकडा ५७ जणांना लागण होऊन गेली होती. झोपडपट्टीबाहेर शेकडा १६ जणांना. लोकलने न हिंडताही वस्तीतल्या निम्म्याहून अधिक माणसांना रोगाने गाठले होते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, पन्नास घरांत मिळून काही संडास, भिंतीला भिंत लागून खिडकी नसलेले घर, ही त्यामागची कारणे. त्या घराला खिडकी देणे अवघड होते. गाडीचे दार लावणे सोपे होते. ते लावले, आणि मुखपट्टी नाही म्हणून वरून दोनशे रुपये दंडही वसूल केला.

या काळात वाहतूक कामगारांनी काय केले हे आपण विसरता कामा नये. बेस्टच्या गाड्या डॉक्टर-परिचारिकांना नेत राहिल्या. एस. टी.च्या चालक-वाहकांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोचवले. त्यांतले कितीजण आजारी पडले, कितीजण गेले. प्रवासी त्या हवेत तासभर असतो. वाहक पूर्ण पाळीभर असतो. म्हणून बसमधील हवेचा प्रश्न हा सर्वप्रथम कामगारांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे आणि तो युनियनच्या मागणीपत्रात आला पाहिजे.

कोविडची भीती सर्वांना वाटली, कारण तो मोटारवाल्यालाही झाला. क्षयाची तशी भीती वाटत नाही. जगातील क्षयरोग्यांपैकी चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. २०२३ या एका वर्षात सुमारे २८ लाख माणसांना नव्याने क्षय झाला आणि तीन लाखांहून अधिक माणसे त्याने मेली, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अंदाज सांगतात. २०२५ पर्यंत क्षयाचे निर्मूलन करण्याची घोषणा झाली होती. ते वर्ष उलटून गेले. औषधे परिणामकारकपणे सुरू झाली की रोग्यापासून इतरांना असलेला धोका झपाट्याने घटतो. म्हणजे धोका मुख्यतः त्या रोग्यापासून, ज्याचे निदान झालेले नाही किंवा ज्याची औषधे खंडित झाली आहेत. डब्यात खोकणाऱ्या माणसाकडे वळून पाहून तोंड फिरवणे सोपे आहे. तो कामावर का निघाला आहे, हे विचारणे आपले काम आहे.

तो निघाला आहे, कारण त्याने खाडा केला तर रोज बुडतो. संघटित कामगाराला राज्य विमा योजनेतून आजारपणात वेतनाच्या सुमारे शेकडा ७० भाग मिळू शकतो. बांधकामावरचा मजूर, हॉटेलातला पोऱ्या, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, घरोघर सामान पोचवणारा तरुण यांना तसे काही मिळत नाही. ताप अंगावर काढून ते आठ-दहाची गाडी पकडतात. आजारी माणसाने घरी राहावे हा वैद्यकीय सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण पगारी रजेचा हक्क नसेल तर तो सल्ला फक्त काही लोकांपुरता राहतो. श्वसनरोगांच्या प्रसाराला आळा घालणारे सर्वांत स्वस्त औषध पगारी रजा हेच आहे, असे मी म्हणेन.

आता गर्दीकडे वळू. ऐन वेळेच्या लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात. या गर्दीने निव्वळ रोग पसरत नाहीत, माणसे सरळ मरतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दोन हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारी माणसे खाली पडून मेली. त्यानंतर रेल्वेने साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे ठरवले. झडपांची दारे आणि छतावरून हवा घेणारी यंत्रे त्यात असतील असे सांगितले. दार बंद झाल्याने पडणारी माणसे वाचतील, याचे स्वागतच केले पाहिजे. पण धावत्या गाडीत आज जी हवा खेळते ती त्या उघड्या दारांतून आणि खिडक्यांतून. दार बंद करताना किती ताजी हवा आत येईल, गाडी दोन स्थानकांमध्ये अडकून पडली तर काय होईल, याचा हिशेब जाहीर झाला पाहिजे. वातानुकूलित गाडीलाही हेच लागू आहे. गारवा ही श्रीमंतांची मिरास नाही. उन्हाळ्यात घाम गाळून आलेल्या माणसाला तो मिळालाच पाहिजे. परंतु गार हवा म्हणजे ताजी हवा नव्हे.

प्रवासाचा काळ कोणी वाढवला, हेही पाहू. गिरणगावातला कामगार चालत गिरणीत जात असे. त्या चाळींचे गोडवे मी गाणार नाही. क्षय तिथेही घरोघर होता, आणि गिरणीत कापसाची धूळ छातीत बसत होती. पण १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मिटल्या, जमिनींवर मनोरे उठले, आणि त्या कामगारांची मुले विरार, नालासोपारा, बदलापूरकडे ढकलली गेली. दिवसाचे तीन-चार तास कोंदट डब्यात काढण्याची शिक्षा त्यांना घरबांधणीच्या धोरणाने दिली. दुसरीकडे बेस्टच्या स्वतःच्या गाड्या वर्षानुवर्षे घटत गेल्या, त्यांच्या जागी कंत्राटदारांच्या गाड्या आल्या, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. त्याच शहरात मोटारींसाठी तेरा हजार कोटींहून अधिक खर्चून किनारी रस्ता झाला आणि त्याला टोल नाही. बसचा तोटा हा तोटा मोजला जातो, रस्त्याचा खर्च विकास म्हणून मोजला जातो. गाड्या कमी झाल्या की थांब्यावर ताटकळणे वाढते, आलेल्या गाडीत दाटी वाढते, दाटीला कंटाळून ज्याला परवडते तो दुचाकी घेतो, उत्पन्न आणखी घटते आणि गाड्या आणखी कमी होतात. शिवाय वाढलेल्या वाहनांचा धूर त्याच थांब्यावर उभ्या असलेल्यांच्या छातीत जातो.

वैयक्तिक काळजी घेऊ नये असे मी म्हणत नाही. साथीच्या दिवसांत चांगली मुखपट्टी लावावी, खिडकी उघडी ठेवावी, थुंकू नये, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. लोकलच्या डब्यांतून भजनी मंडळे रंगतात. ती आपली संस्कृती आहे, पण गाताना कण जास्त उडतात हे जाणून साथीपुरते टाळ-मृदंग घरी ठेवले तर विठ्ठल रागावणार नाही. मात्र एवढ्यावर थांबणे म्हणजे सामाजिक प्रश्नाचे ओझे एकेका प्रवाशाच्या डोक्यावर ठेवणे होय.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. बेस्ट आणि एस. टी. यांच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या आणि कायम नोकरीतले कामगार वाढले पाहिजेत, आणि त्यांचा तोटा सार्वजनिक आरोग्याचा खर्च म्हणून शासनाने उचलला पाहिजे. बंद डब्यांत ऐन गर्दीच्या वेळी कार्बन डायऑक्साइड मोजून ते आकडे स्थानकावर लावले पाहिजेत. त्यासाठी लागणारे यंत्र मुठीत मावेल एवढे असते. कचेऱ्यांच्या वेळा कामगार संघटनांशी बोलून विभागल्या पाहिजेत. असंघटित कामगाराला आजारपणाची पगारी रजा मिळाली पाहिजे. चालक-वाहकांची नियमित तपासणी आणि आगारात क्षयाच्या निदानाची सोय झाली पाहिजे.

आणि कार्यकर्त्यांनी निवेदनाची वाट पाहू नये. प्रत्येक शाखेने आपल्या भागातला एक थांबा निवडावा. सकाळी आठ ते दहा तिथे उभे राहून किती मिनिटांनी गाडी आली, किती माणसे चढली, किती मागे राहिली, याची सलग पंधरा दिवस नोंद ठेवावी. ती घेऊन प्रवाशांची सभा बोलवावी आणि त्या सभेला वाहकांना सन्मानाने बोलवावे. प्रवासी आणि वाहक एकमेकांवर खेकसतात तोवर आगाराच्या कचेरीत कोणालाच चिंता नसते.

१९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी दोन इंची गादी घातली. क्रांतीची भाषा करणाऱ्या काहींना तेव्हा ते काम फार लहान वाटले असेल. पण दूरच्या प्रवासाला निघालेल्या गरीब माणसाच्या पाठीलाही आराम लागतो, हे राज्यकर्त्याने मान्य केले, हा त्यातला अर्थ होता. पाठीनंतर आता फुप्फुसाची पाळी आहे. ताजी हवा फुकट असते असे आपण शाळेत शिकलो; ऐन सकाळच्या गाडीत उभे राहिले की ती कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या येत नाही, हे कळते. उद्या सकाळी आपल्यापैकी बहुतेक जण त्याच गाडीत असणार आहोत. कामाला सुरुवात तिथूनच करू या.